नाहीतर आत

१

बोगा ओदेलु चौदा महिन्यांपूर्वीच सुटायला हवा होता. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी नल्लवेल्लीच्या तुरुंगात, अभिलेख खोलीत बसले होते आणि माझा फोन फाटकावरच्या कपाटात बंद होता.

"छोटंसं काम आहे, अर्ध्या दिवसाचं," असं सांगून मला हैदराबादहून बोलावलं होतं. तुरुंगातल्या कैद्यांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात तो आमच्या कंपनीनं बसवलेला, आणि त्याच्या क्वेरी, म्हणजे त्याला विचारायचे प्रश्न, मी लिहिलेले. या महिन्यात कोण सुटणार? पुढच्या सहा महिन्यांत कोण? दर महिन्याच्या एक तारखेला याद्या छापून निघायच्या. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून हे चालू होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

अधीक्षक भूपती राव यांनी माझ्यासमोर एक कागद सरकवला. संगणक प्रणालीतल्या दोषामुळे कैदी क्रमांक ४१७ यास मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवले गेले, असं त्यावर लिहिलं होतं. खाली माझं नाव होतं. तस्कीन फातिमा.

"सही करा मेडम."

"सही केली की मी जाऊ शकते?"

"सही केलीत तर पोलीस येतील. नाही केलीत तरी येतील. केलीत तर माझं काम जरा हलकं होईल, एवढंच."

ते गेले, आणि बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला. तुरुंगात खोलीला बाहेरून कडी लावायचा नियमच आहे. पण नियम आहे हे माहीत असणं वेगळं आणि तो आवाज ऐकणं वेगळं. खिडकीच्या काचांना हिरवा रंग फासलेला होता. मी उठून दार ढकलून पाहिलं. का पाहिलं कोण जाणे.

अर्ध्या तासानं कडी निघाली आणि एक बाई आत आल्या. साठी उलटलेल्या, सुती साडी, चष्म्याला दोरी, हातात स्टीलचा डबा.

"मी स्वराज्यम," त्या म्हणाल्या. "कोर्टात तीस वर्षं अभिलेखपाल होते. आता कायदेसाहाय्य समितीसाठी जुने निकाल चाळते. ओदेलूचा निकाल माझ्याच हाती लागला. सात वर्षं शिक्षा. बोटांवर मोजलं तरी माणूस बाहेर असायला हवा." त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. "सर्वपिंडी आहे, तांदळाच्या पिठाची. खा, बिड्डा, खा पोरी. न्यायाधीशांनी साडेचारपर्यंत उत्तर मागितलंय, त्याला का ठेवलं आणि कुणी ठेवलं. साहेबांच्या उत्तरात तुझं नाव आहे. मला ते पटलं तर मीही तेच सांगेन."

"आणि ओदेलु?"

"आतच. सुटकेची चिठ्ठी कंप्यूटरमधून निघते आणि कंप्यूटर म्हणतो, शिक्षा चालू. तारीख भरायला कुणी तयार नाही. जो भरेल त्याच्या गळ्यात पडेल ना." त्या खुर्ची ओढून बसल्या. "आता सांग, तुझा कंप्यूटर असं का म्हणतो?"

२

मी ओदेलूची नोंद पडद्यावर आणली. नाव, बापाचं नाव, गाव, गुन्हा, शिक्षा सुरू झाल्याची तारीख. सुटकेच्या तारखेची चौकट कोरी होती.

"कोरी," स्वराज्यम म्हणाल्या. "मग यंत्रानं विचारायला नको होतं का, बाबांनो तारीख कुठाय?"

उत्तर मला माहीत होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती.

"अम्मा, मी क्वेरीत अटी घातल्यात. फाटकावरच्या शिपायाला सांगावं तशा. तारीख उलटून गेली असेल तर लिही, सोडा. तारीख यायची असेल तर लिही, शिक्षा चालू. शिपाई वरून खाली एकेक अट बघतो. जी पहिली खरी ठरेल तिथंच थांबतो, खालच्या बघतच नाही."

"आणि एकही खरी ठरली नाही तर?"

"तर शेवटची ओळ. नाहीतर."

"नाहीतर काय?"

"नाहीतर, शिक्षा चालू."

त्यांनी चष्मा काढला. "थांब. कोरी तारीख उलटून गेली का, असं विचारलं तर यंत्र काय म्हणतं?"

"माहीत नाही, म्हणतं. आणि कोरी तारीख यायची आहे का, असं विचारलं तरी माहीत नाहीच म्हणतं. माहीत नाही म्हणजे हो नव्हे. म्हणून ओदेलु दोन्ही अटींतून घसरून शेवटच्या ओळीवर येतो."

"म्हणजे जो कुठंच बसत नाही, तो आत."

"मला वाटलं होतं, चुकून कुणी बाहेर जायला नको," मी म्हणाले. "चुकून कुणी आत राहील हे डोक्यातच आलं नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "कोर्टातही असंच असायचं. बरं, ही तारीख कधी भरलीच नव्हती, की कुणी पुसली?"

"बदलांची वही आहे. कुणी काय बदललं ते डेटाबेस आपोआप टिपून ठेवतो."

मी ती उघडली. ओदेलूच्या तारखेबद्दल तिच्यात एकही ओळ नव्हती. म्हणजे कुणी हात लावला नाही. म्हणजे जुन्या रजिस्टरातून नोंदी उतरवतानाच ती राहून गेली, आणि ते काम आमच्या कंपनीचं. मग सवयीनं मी त्या वहीची अट वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचली.

"अम्मा, ही वही खोटं बोलू शकते. अट अशी आहे, की जुनी तारीख आणि नवी तारीख वेगळी असेल तर टिपून ठेव. अकराची बारा केली तर टिपते. पण अकरा पुसून कोरं ठेवलं, तर ती विचारते, अकरा आणि कोरं वेगळं आहे का? आणि उत्तर येतं..."

"माहीत नाही," स्वराज्यमनी वाक्य पुरं केलं.

"हो. म्हणून टिपत नाही. बदललेलं दिसतं, पुसलेलं दिसत नाही."

"हीपण तूच लिहिलीस?"

"मीच."

३

तारखेच्या चौकटीत हात घालू शकणारे चौघेच होते. अधीक्षक, अभिलेख खोलीचा कारकून सदानंदम, विणकाम शेडचे निदेशक कैलासम मास्टर, आणि मी. तेही तुरुंगातल्या तीन संगणकांवरूनच, बाहेरून नाही.

सदानंदम लंगडत आत आला. पन्नाशीचा, पान खाल्लेला माणूस. माझ्याकडं न बघता स्वराज्यमना म्हणाला, "विचारा. पण चौकट पहिल्यापासून कोरी होती हे आधीच सांगतो. यांची पोरं आली होती नोंदी उतरवायला, कानात गाणी घालून. शंभरातल्या पाच चौकटी कोऱ्या सोडून गेली. हे मी तेव्हाही बोललो होतो."

"लेखी?"

"तोंडी. लेखी दिलं तर लेखी उत्तर येतं."

"ओदेलूशी तुझं भांडण झालं होतं म्हणे."

त्यानं खिडकीच्या हिरव्या काचेकडं पाहिलं. "त्याच्या मुलीनं पाठवलेलं लोणचं मी उघडून बघितलं. नियमच आहे उघडायचा. त्यानं साहेबांसमोर मला चोर म्हटलं. पन्नास माणसांत. पण त्यासाठी मी एका माणसाची वर्षं खाईन, असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं ते राहू दे. ओदेलु तुझ्याकडं कधी चौकशीला आला?"

"तीनदा. मी यादी बघितली. यादीत नव्हता. यादीत नाही म्हणून सांगितलं."

"रजिस्टर बघितलं नाहीस?"

"रजिस्टरं पोत्यात भरून जिल्ह्याला गेली. आता यादी म्हणजेच रजिस्टर." तो उठला आणि पाय चोळला. "मागच्या वर्षी फेब्रुवारीत, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, स्कूटरवरून पडलो. तीन महिने घरी अंथरुणात होतो. तेव्हापासून जिना चढलो की हा असा धरतो."

तो गेल्यावर मी म्हणाले, "त्याचं म्हणणं खरं असू शकतं. आमची पोरं खरंच कानात गाणी घालून बसायची."

"तू स्वतःचंच नुकसान करतेयस, बिड्डा."

"खोटं काय बोलू?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "चल. ज्याला ठेवून घेतलंय त्याला तर भेटू."

पहाऱ्यावरच्या शिपायानं माझं नाव वहीत लिहिलं, कुठून कुठं जाते तेही लिहिलं आणि आमच्या मागोमाग चालू लागला.

४

विणकाम शेडमध्ये आठ माग होते. एका कोपऱ्यात लाकडी चौकटीवर ताणलेल्या सुतासमोर एक बारीक माणूस मांडी घालून बसला होता. रंग जिथं लागू नये तिथं सूत दोऱ्यानं गच्च बांधायचं, मग बुडवायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. विणताना त्यातून नक्षी उमटते. त्याची बोटं न थांबता चालली होती.

शेजारी कैलासम मास्टर उभे होते. पांढरा शर्ट, हात पाठीमागं बांधलेले. ते तोंडानं सांगत होते, "चार सोड, दोन बांध, आता हत्तीची सोंड, तीन बांध," आणि ओदेलु बांधत होता.

"तुझी सुटका व्हायची होती ना?" एका मागावरच्या कैद्यानं ओदेलूला चिडवलं. "कंप्यूटरला तू आवडलायस."

ओदेलु हसला. हसणं ओठांपुरतंच होतं.

स्वराज्यम त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. "तुला ठाऊक होतं का, तुझी मुदत संपलीय?"

"अंदाज होता, अम्मा. पण शिक्षेतली सूट कशी मोजतात ते मला कुठं कळतं? सदानंदम सारला विचारलं. मास्टरना विचारलं. मास्टर म्हणाले, बघतो. मास्टर बघतो म्हणाले की मी गप्प बसतो. त्यांनी मला इथं माणसात ठेवलं." त्यानं एक गाठ मारून दोरा दातांनी तोडला. "फाल्गुनात मुलीचं लग्न झालं. तिची साडी मी इथंच बांधली. मास्टरांनी फाटकातून पाठवली. ती नेसली म्हणे. लोक म्हणाले, बाप नाही आला पण साडी आली."

शिपायानं चहा आणला. आम्ही प्यायलो. मास्टरांचा पेला मागाच्या फळीवर तसाच राहिला. त्याच्यावर साय धरली तरी त्यांनी हात पुढं केला नाही.

ओदेलूच्या बाजूला नक्षीच्या कागदांचा गठ्ठा होता. पेन्सिलनं आखलेल्या चौकटी, त्यांत भरलेले हत्ती, मोर, घड्याळं.

"कागद कुठून येतो?" स्वराज्यमनी विचारलं.

"ऑफिसातला रद्दी कागद, अम्मा. पाठकोरा."

त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला आणि नक्षी न बघता कागद उलटे करत गेल्या. तीस वर्षं कोर्टात ज्या बोटांनी निकाल चाळले त्याच बोटांनी. मधेच त्या थांबल्या, आणि कागद माझ्यापुढं धरला.

माझी यादी होती. पुढच्या सहा महिन्यांत सुटणारे. गेल्या वर्षीची, एक मार्च. सातवी ओळ होती, ४१७, बोगा ओदेलु, सुटका ११ ऑगस्ट.

"एप्रिलची यादी आहे का यात?" मी विचारलं.

एप्रिलचीही होती. तिच्या पाठीवर एक मोर होता. यादीत ओदेलु नव्हता.

मी वर पाहिलं. कैलासम मास्टर मोराकडं पाहत होते.

५

परत अभिलेख खोलीत आलो तेव्हा अडीच वाजले होते. कडी पुन्हा लागली. स्वराज्यमनी कोऱ्या कागदावर चार नावं लिहिली.

"तारीख होती आणि पुसली गेली. एक मार्च ते एक एप्रिलच्या मधे. आता बघू. सदानंदम?"

"शिवरात्रीपासून तीन महिने अंथरुणात होता," मी म्हणाले. "हजेरीपट बघता येईल."

"मागवलाय. आणि साहेब?"

मला आठवलं, त्यांच्या खोलीत भिंतीवर अधीक्षकांच्या नावांचा फलक होता. "ते मागच्या वर्षी जूनमध्ये आले. त्याआधी फेब्रुवारीपासून खुर्ची रिकामीच होती."

"म्हणजे त्या खुर्चीच्या नावानं कुणी संगणक उघडला नाही. उरलीस तू."

"मी जानेवारीत आले होते, आणि मग नोव्हेंबरात. फाटकावरच्या वहीत असेल."

"आहे. येतानाच बघून आले." त्यांनी तिसरं नावही खोडलं. मग चौथं न खोडता पेन्सिल खाली ठेवली. "पण हे पुरत नाही. माणूस म्हणेल, माझा परवलीचा शब्द दुसऱ्याला ठाऊक होता. मास्टरांच्या पडद्यावर काय काय येतं ते दाखव."

मी दाखवलं. दर महिन्याला निदेशक शेडमधल्या प्रत्येक कैद्याच्या नावापुढं चांगल्या कामाबद्दल शिक्षेतून माफ करायचे दिवस भरतात. दिवस भरले की सुटकेच्या तारखेतून तेवढे वजा होतात, आणि नवी तारीख बाजूला उमटते. ती बघून बटण दाबायचं.

ओदेलूच्या नावापुढं मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून या सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला चार दिवस भरलेले होते. एकही महिना चुकला नव्हता.

स्वराज्यमनी त्या आकड्यांवरून पेन्सिलचं टोक फिरवलं. "कोऱ्यातून चार वजा केले तर काय उरतं?"

"कोरंच."

"बोलाव त्यांना," त्या शिपायाला म्हणाल्या. "साहेबांनाही."

मास्टर आले आणि हात मांडीखाली घेऊन बसले. भूपती राव दारातच उभे राहिले.

"मास्टर," स्वराज्यम म्हणाल्या, "दर महिन्याला तुम्ही दिवस भरता, तेव्हा बाजूला काय दिसतं?"

"नवी तारीख."

"ओदेलूच्या नावाच्या बाजूला काय दिसायचं?"

मास्टर पडद्यावरून नजर काढून खिडकीकडं बघू लागले.

"अठरा महिने. दर महिन्याला तुम्ही त्याला चार दिवस माफ केले. रिकाम्या चौकटीसमोर बसून. कशातून वजा करत होतात, मास्टर?"

भूपती राव म्हणाले, "बाई, हे तीस वर्षं सेवेतले..."

"सार, त्यांना सांगू द्या."

कैलासम मास्टरांनी मांडीखालचे हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. थंडीनं किंवा भीतीनं थरथरतात तसे नाही. वाऱ्यावर पान हलतं तसे, आपल्याच नादात.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "नऊ वर्षांचा असल्यापासून गाठी बांधतो. माझा बाप म्हणायचा, याच्या बोटांना डोळे आहेत. आधी करंगळी गेली, मग सगळंच. निदेशकानं वर्षातून एकदा नमुना बांधून वर पाठवायचा असतो. तो ओदेलु बांधायचा. कुणाला कळलं नाही."

"आणि मार्चमध्ये?"

"दिवस भरत होतो. बोट सरकलं. तारीख गेली. मी घाबरून बसलो, वाटलं आता सायरन वाजेल, कुणी धावत येईल. काहीच झालं नाही. म्हटलं, उद्या सदानंदमला सांगू. तो रजेवर होता. मग एक तारखेला यादी आली, आणि तिच्यात ओदेलु नव्हता." ते थांबले. "मी काही खोटं लिहिलं नाही, अम्मा. एक अक्षरही खोटं लिहिलं नाही."

"नाही. तुम्ही फक्त कोरं ठेवलंत."

"म्हटलं, हा नमुना होईपर्यंत. मग म्हटलं, दिवाळीपर्यंत. मग मुलीचं लग्न आलं. तेव्हा सांगणार होतो. पण तेव्हा सांगितलं असतं तर विचारलं असतं, इतके महिने का नाही. जितका उशीर झाला तितकं दार जड होत गेलं." त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घेतले. "तो गेला की माझे हात गेले असते. दिवस मात्र भरत राहिलो. ते त्याचे कमावलेले होते. ते कसे मारू?"

भूपती रावांनी टेबलावरून माझ्या नावाचा कागद उचलला, घडी केली आणि खिशात घातला. फाडला नाही.

६

सव्वाचारला मी माझ्या नावानं ओदेलूची तारीख भरली. अकरा ऑगस्ट, गेल्या वर्षीची. पडद्यावर अक्षरं आली, सोडा. प्रिंटर घरघरला आणि चिठ्ठी बाहेर आली.

ओदेलूला अभिलेख खोलीतच सगळं सांगितलं. मास्टर भिंतीशी उभे होते. तो ऐकत असताना त्यांच्याकडं नाही, त्यांच्या हातांकडं बघत होता. मला वाटलं, तो अंगावर धावून जाईल. शिपायालाही तसंच वाटलं असावं, कारण तो मधे आला.

"मास्टर," ओदेलु शेवटी म्हणाला, "मागितलं असतं तर मी बाहेरून रोज आलो असतो. सकाळच्या बसनं. फुकट बांधलं असतं."

मास्टरांनी हात पाठीमागं नेले.

"आता नाही येणार," तो म्हणाला, आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडला. दोन फाटकं उघडल्याचा आवाज आला, एकामागून एक. मी मनात मोजत होते.

स्वराज्यमनी न्यायाधीशांसाठी आपलं उत्तर लिहून संपवलं. त्यात मास्टरांचं नाव होतं, आणि माझंही होतं. दोन अटी चुकीच्या लिहिल्याबद्दल. मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "काही जास्त लिहिलंय का?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

"मग तू जाऊ शकतेस. शेवटची हैदराबादची बस साडेसहाला आहे."

भूपती राव स्वतः दार धरून उभे होते. मी पिशवी उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली.

क्वेरी उघडली. 'नाहीतर, शिक्षा चालू' ही ओळ काढली. त्या जागी लिहिलं, नाहीतर, तारीख नाही, चौकशी करा. दोनच मिनिटांचं काम होतं. पावणेदोन वर्षांपूर्वीही दोनच मिनिटं लागली असती. मग ती चालवली.

सहा नावं आली.

सदानंदम माझ्या खांद्यावरून बघत होता. "मी म्हणालो नव्हतो?" तो पुटपुटला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचं सुख नव्हतं.

भूपती रावांनी घड्याळ पाहिलं. "कार्यालयाची वेळ संपत आली. हे उद्या बघू."

स्वराज्यमनी पर्समधून पेन्सिल काढली, कोरा कागद पुढं ओढला आणि खुर्ची टेबलाजवळ घेतली. "बसा, सार. बिड्डा, पहिलं नाव वाच."

"दासरी एंकम्मा. महिला बराक. शिक्षा दोन वर्षं."

"आत येऊन किती झाली?"

मी सुरुवातीची तारीख पाहिली आणि बोटांवर मोजलं. मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं.

"तीन वर्षं," मी म्हणाले, "आणि एक महिना."